तळ्यात साबण नको

१२ जून
तळ्यावरचं घर उघडलं. उंदरांनी चमच्यांच्या खणात हिवाळा काढला आहे. काट्यांच्या दातांत काळ्या लेंड्या अडकल्या होत्या. एका कोपऱ्यात चिंध्यांचं घरटं, त्यात सुकलेलं एक पिल्लू. सगळं चुलीवर उकळलं. पाणी चहासारखं झालं. ते लांब रानात नेऊन ओतलं.

तळं स्वच्छ आहे. तीन वर्षांपूर्वी शेवाळाने हिरवं पडलं होतं, काठावर कुजका थर साचला होता, तेव्हाच मी नियम केला: या जागेत साबण नको. मोरीची नळी उतारावर सुटते आणि उतार पाण्यात. त्यामुळे घरातही नको, सौनाच्या वाफघरातही नको. भांड्यांना उकळतं पाणी. हातांसाठी जेलच्या बाटल्या टांगल्या आहेत. एक संडासाच्या दाराला, एक सौनात, एक स्वयंपाकघरात. जेल तिखट आहे. कातडी जळते. जळली की खात्री वाटते.

पोट पुन्हा बिघडलेलं. फेब्रुवारीत स्टॉकहोमच्या बोटीवर सगळी सहल ओकली होती, मीही. ते चार दिवसांत संपलं. हे त्यानंतरचं, गोळ्यांचं. किडनी टिकवायची तर गोळ्या घ्यायच्या, आणि गोळ्या घ्यायच्या तर हे सोसायचं. याबद्दल कोणाशी बोलण्यासारखं काही नाही.

मुलाचा, यार्कोचा, फोन आला. हेन्नाला दिवस सप्टेंबरच्या शेवटचे दिले आहेत. बाळ आलं की मी दीड महिना त्यांच्याकडे राहायचं, छोट्या वेन्लाला सांभाळायचं आणि स्वयंपाक बघायचा, हे ठरलं. हेन्नाने स्वतः विचारलं. यार्कोने विचारायला लावलं असेल, पण विचारलं तिने. माझ्या सुनेने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

१९ जून
बहीण आली, तुओवी. कुत्र्यासकट. गाडीतून उतरली ती कपडे काढत धक्क्याकडे गेली आणि उघडीच पाण्यात पडली. साठी उलटलेली बाई. कुत्रा मागून. दोघं बाहेर आली, दोघांनी अंग झाडलं, आणि दोघं तशीच स्वयंपाकघरात.

धुरावलेला मासा तिने वर्तमानपत्रावर ठेवला आणि बोटांनी सोलायला लागली. एक तुकडा तिला, एक कुत्र्याला. बोटं चाटली. त्याच बोटांनी मला तुकडा पुढे केला.

मी ताटली आणि काटा घेतला. हाताला जेल लाव म्हटलं.

"राइली, अगं तू मुततेस ती माझ्या किडनीतून," ती म्हणाली. "आता माझी बोटं कशाला घाण वाटतात?"

हे ती लोकांसमोरही म्हणते. तीन वर्षं झाली. तिने किडनी दिली तेव्हा तिला दोनदा विचारावं लागलं नव्हतं, हेही ती लोकांसमोर म्हणते. मी आभार मानले आहेत. किती वेळा मानायचे असतात हे मला कोणी सांगितलेलं नाही.

२१ जून
युहान्नुस, भर उन्हाळ्याचा सण. यार्को आणि वेन्ला काल आले. हेन्ना नाही, आणीबाणीच्या फोनवर तिची पाळी, आणि या सणाला माणसं बुडतात फार.

सकाळी बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधल्या. केक केला. स्ट्रॉबेरीचे देठ आई काढायची तसे काढले, अंगठ्याच्या नखाने, एकेक. सुरीने रस जातो. चाळीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवताना मी मुलांना हेच शिकवलं. आधी जेल, मग फळं. मध्ये एकदा बाहेर जाऊन यावं लागलं. पुन्हा जेल, पुन्हा फळं.

संध्याकाळी सौना. सगळे एकाच बाकावर, घाम एकमेकांच्या खांद्यांवरून ओघळणारा. तुओवीने जुडी बादलीत बुडवून सगळ्यांच्या पाठी झोडपल्या आणि बादलीतलं तेच पाणी दगडांवर ओतलं. त्या वाफेत काय काय होतं याचा विचार न करायचा प्रयत्न केला. मग होळी पेटली. केक संपला. वेन्लाने ताटली चाटली.

२३ जून
काल दुपारपासून लिहिण्यासारखी स्थिती नव्हती.

आधी वेन्ला. पोर धक्क्यावरून आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि सगळं गालिच्यावर. नुकताच धुऊन वाळवलेला पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा. लाल फळांचे लगदे, साय, त्याला फेस. तिला उचललं तर माझ्या गळ्यात. गरम. आंबट. मग यार्को, संडासापर्यंत पोचला नाही. सदतीस वर्षांचा माणूस पँट हातात धरून झाडामागे उभा राहून रडकुंडीला आला. मग तुओवी. ती मनुकांच्या झुडपात ओणवी झाली होती आणि मधूनमधून शिव्या देत होती. कुत्रा मागे मागे फिरून जे पडेल ते खात होता. ते पाहून यार्को पुन्हा.

मी चादरी उकळल्या. बादल्या वाहिल्या. खुर्च्यांचे पाय, दाराच्या कड्या, डब्यांची झाकणं, सगळीकडे जेल फासलं. घरात गोड कुजका वास भरला आहे, भिंतींच्या लाकडातसुद्धा. नाकात कापूर घालून झोपले.

मला काही झालं नाही. त्या सगळ्या घरात मी एकटी कोरडी राहिले.

२४ जून
यार्को आणि वेन्ला गेले. पोरगी कागदासारखी पांढरी. यार्को म्हणाला, पाळणाघरातलं असेल, तिथे नेहमी असतं. मी म्हटलं, मासा गुरुवारपासून ओसरीवर वर्तमानपत्रात होता.

तुओवी पायरीवर बसून पाणी पीत होती. "मासा तूही खाल्लास," ती म्हणाली.

मी शेपटाकडचा खाल्ला. तिथे धूर जास्त लागतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वजन किती आहे तुझं?" मी सांगितलं नाही.

६ जुलै
एकटी. संडासाखालचं पिंप रिकामं करायचा दिवस. हे काम मी कोणाला देत नाही. तुओवी करते तेव्हा अर्धं पायवाटेवर सांडतं, आणि वरून ती गाणं म्हणते.

पिंप जड होतं. एरवी भुसा घालून ते कोरडं पडतं, जंगलातल्या मातीसारखं. या वेळी पातळ. वर माश्यांचा थर होता, काठी लावली तसा उठला आणि माझ्या तोंडावर बसला. ओठांवर. मी थुंकत थुंकत तळ्यापर्यंत गेले, पण तोंड धुवायला पाण्यात हात घातला नाही. हात कसे होते ते माहीत होतं. आधी जेल लावलं.

खत दोन वर्षं झाकून ठेवते. त्याआधी झाडांना घालत नाही. याबाबतीत कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

स्कर्ट कमरेला थांबत नाही. सुतळी बांधली.

१३ जुलै
तुओवी आठवडाभर राहून गेली. तिची पाळी होती. आईवडिलांनी जागा दोघींना सारखी ठेवली आहे. उशीवर कुत्र्याचे केस. भांड्यांच्या फडक्याने काय पुसलं होतं कोण जाणे, जाळून टाकलं. पुढच्या शनिवारी हेन्ना येणार. गाद्या उन्हात टाकल्या.

१९ जुलै
हेन्ना आणि वेन्ला आल्या. हेन्नाचं पोट आता पुढे निघालं आहे, धक्क्यावर बसली की वेन्ला त्यावर कान ठेवते. यार्को कामावर.

मला हवं तसं सगळं झालं. उकडलेल्या बिटाचं थंड सॅलड, वेलदोड्याचे पाव, बडीशेप भुरभुरवलेले नवे बटाटे. पावांचं पीठ सकाळी मळलं. हेन्नाने तीन पाव खाल्ले. सॅलडही दोनदा घेतलं.

जेवणाआधी तिने साबण मागितला. मी तळ्याचं सांगितलं.

"तू तळं सांभाळतेस की आम्हाला?" ती हसून म्हणाली.

मी म्हटलं, दोघांना. जेलची बाटली दिली. तिने नाक मुरडून हात चोळले.

दुपारी ती झोक्याच्या बाकावर पडली होती. सप्टेंबरबद्दल बोललो. वेन्लाला रात्री कोणती गोष्ट लागते, गाजर किसून चालतं पण उकडलेलं नाही, असं. मग ती म्हणाली की तिची आई असती तर मला त्रास दिला नसता, आणि लगेच म्हणाली की असं म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, कळलं. माझ्या पोटात तेव्हा कळा येत होत्या, पण मी उठले नाही. तिने डोळे मिटले तेव्हा गेले.

२१ जुलै
काल पहाटेपासून हेन्नाला उलट्या. तिला थांबवता येईना. बादलीवर वाकता येईना, पोट मध्ये. उभ्यानेच ओकत होती, भिंतीवर, स्वतःच्या हातांवर. खालूनही. ती माझी माफी मागत होती आणि मी पुसत होते. दुपारी तिचे ओठ फाटले आणि लघवी बंद झाली. मग पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. सैल, पुन्हा घट्ट. मी फोन केला.

रुग्णवाहिकेत चढवताना तिने माझा हात धरला. दिवस भरले नाहीत, ती म्हणत होती, अजून दिवस भरले नाहीत.

आता रुग्णालयात आहे. सलाइन लावलं आहे. कळा थांबवायचं औषध दिलं आहे. वेन्ला माझ्याजवळ झोपली आहे. तिला काही नाही. मला काही नाही.

घर पाहवत नाही. जिथे हात ठेवावा तिथे काहीतरी वाळलेलं आहे.

२२ जुलै
तुओवीला फोन केला. सांगितलं की जूनमध्ये तिने जे आणलं ते ती अजून घेऊन फिरते आहे. ती त्या गाद्यांवर झोपली, त्या कपांना तोंड लावलं, आणि आठवड्याने हेन्ना आली. तपासणी करून कागद दाखवत नाही तोवर तिने तळ्यावर यायचं नाही. हेन्नाच्या घरी तर नाहीच. मी म्हटलं, तू घाण आहेस, लहानपणापासून आहेस, आणि आजवर सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. या वेळी एक मूल मरत होतं.

पलीकडून कुत्र्याच्या नखांचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली.

तिने भांडायला हवं होतं. ती नेहमी भांडते.

२६ जुलै
हेन्ना घरी आली. बाळ ठीक आहे, बंद पाकिटासारखं अजून आत. रुग्णालयाने नमुना तपासला. पोटाचा एक विषाणू निघाला. साथ शोधणाऱ्या खात्यातल्या बाईंनी मला फोन करून विचारलं, त्या जागेत आणखी कोण आजारी पडलं होतं. मी बहिणीचं नाव दिलं.

मला काही झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. खरं तेच सांगितलं.

७ ऑगस्ट
किडनीची तपासणी. वजनाच्या काट्याकडे पाहून नर्सने मला चपला काढून पुन्हा उभं केलं. डॉक्टर साल्मेला तरुण आहेत, नखं कापलेली, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा जावं लागतं. मी इकडेतिकडे बघितलं. मग म्हटलं, पाच. कधी सहा. सात.

कधीपासून?

हिवाळ्यापासून.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

असल्या गोष्टी सांगायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, गोळ्यांमुळे होतं असं पत्रकात लिहिलंय. ते म्हणाले, गोळ्यांमुळेही होतं. नर्सने एक डबी दिली, झाकणाला आतून चमचा चिकटवलेला. घरी पोचेपर्यंत मी ती पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती हातात लांब धरून बसले. बसमध्ये शेजारी कोणी बसू नये म्हणून शेजारच्या जागेवर टोपी ठेवली.

ते कसं केलं ते लिहीत नाही. चमचा फार छोटा आहे.

१८ ऑगस्ट
साल्मेलांनी दार लावून घेतलं.

माझ्यात तोच विषाणू आहे. हेन्नाचा. ते म्हणाले, उलटं म्हणायला हवं.

मी म्हटलं, मग मलाही लागला. कुठल्या तरी वस्तूवरून. मी खूप पुसपास केली त्या दिवशी.

नाही, ते म्हणाले. सावकाश सांगितलं, शाळेतल्यासारखं. हा विषाणू खात नाही, श्वास घेत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो आणि पेशीला दुसरं सगळं सोडून त्याच्या प्रती काढायला लावतो. पेशी फुटते, प्रती बाहेर पडतात, शेजारच्या पेशींत शिरतात. धडधाकट शरीर काही दिवसांत त्याला हाकलतं. माझं शरीर हाकलत नाही. बहिणीची किडनी परकी आहे हे त्याला कळू नये म्हणून गोळ्यांनी त्याला गुंगीत ठेवलं आहे, आणि गुंगीतल्या पहारेकऱ्याला एक परका सोडून दुसरा दिसतो असं होत नाही. फेब्रुवारीत बोटीवर शिरला तो गेलाच नाही. सहा महिने रोज प्रती काढतो आहे. काढताना चुका होतात, चुकांनी तो बदलतो. हेलसिंकीला दोन्ही नमुने लावून पाहिले. इतका बदललेला हा विषाणू फक्त दोन जागी सापडला आहे. त्याचे बदललेले प्रकार हेन्नामध्ये थोडे. माझ्यात सगळे.

"तो आता तुमचाच आहे म्हणा ना," ते म्हणाले. ते हसण्यासाठी म्हणाले नव्हते.

मग विचारलं, तळ्यावर हात कशाने धुता?

मी जेलचं सांगितलं. बाटल्या किती आणि कुठे. ते टेबलाकडे बघत होते. म्हणाले, अल्कोहोल याला फारसं काही करत नाही. साबणही मारत नाही, पण साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून उतरवतं, वाहून नेतं. इतकंच लागतं. आणि माणूस आजारी पडायला याचे मोजके कण पुरतात. तुमच्या नखाखाली त्याहून कितीतरी जास्त मावतात.

मी हात मांडीवरून काढून पर्सवर ठेवले. मग पर्सवरूनही काढले. ठेवायला जागा नव्हती.

१९ ऑगस्ट
स्ट्रॉबेरी. एकेक, नखाने.

२० ऑगस्ट
शहरातल्या घरी नळ आहे, साबण आहे. हात धुते. धुऊन झाल्यावरही ते माझेच हात असतात. पाव कापायचा तर पावाला धरावं लागतं. काल काट्याने बटाटे उचलून खाल्ले, साल न काढता.

आत तो आहे. मी बसलेली असताना, हे लिहीत असताना. उंदीर निदान झोपतात. सत्तरीला टेकलेल्या बाईच्या आतड्याच्या भिंती चाटूनपुसून तो स्वतःला पुन्हा पुन्हा छापतो आहे, आणि माझं शरीर बाजूला पाय पसरून पडलं आहे, तुओवीसारखं, त्याला कशाचीच शिसारी नाही.

तिचं नाव इथे का आलं कळत नाही.

२२ ऑगस्ट
यार्कोला सांगितलं. तो बराच वेळ बरं, बरं म्हणत राहिला. मग हेन्ना फोनवर आली. तिचा आवाज आणीबाणीच्या फोनवर असेल तसा होता, सपाट, नीट. ती म्हणाली की मला दोष देत नाही. ती म्हणाली की वेन्लाने मुम्मोला, तिच्या आजीला, चित्र काढून पाठवलं आहे. मग म्हणाली, "सप्टेंबरात नको, राइली. तू बरी होईपर्यंत नको."

मी म्हटलं, अर्थात.

गाजराची तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, तिला माहीत आहे.

२५ ऑगस्ट
पुन्हा साल्मेला. उपाय एकच आहे. गुंगी कमी करायची. दोन गोळ्यांतली एक अर्ध्यावर आणायची, म्हणजे शरीर जागं होऊन विषाणूला हाकलेल. जागं झालेलं शरीर किडनीही हाकलेल का? हाकलू शकतं. नाही केलं तर? तर वजन उतरत राहील, अंगातलं पाणी उतरत राहील, किडनी तशीही सुकेल, आणि मी कोणाच्या घरात जाऊ शकणार नाही. त्यांनी विचार करायला सांगितलं.

मी म्हटलं, विचार करायचा तर मला एकीला विचारावं लागेल. ते म्हणाले, किडनी कायद्याने तुमची आहे. मी म्हटलं, तुम्हाला बहीण नाही.

२८ ऑगस्ट
तुओवीकडे गेले. फाटकातच उभी राहिले. ती पायरीवर बसून बुटांतली माती खरवडत होती. कुत्रा आला, मी पाऊल मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याला जपून.

मी म्हटलं, ते माझ्याकडून आलं होतं. जूनमधलंही. हेन्नाचंही.

"माहितेय," ती म्हणाली.

कुणी सांगितलं, मी विचारलं. कोणी नाही. ती म्हणाली, आम्ही सगळे एकेकदा पडलो, तू एकदाही नाही. आणि तू रोज पाच वेळा त्या संडासात जात होतीस. हेन्ना पडली तेव्हा डोक्यात आलं. आधी यायला हवं होतं.

मग त्या दिवशी फोनवर का बोलली नाहीस? मी काय काय म्हटलं तुला.

तिने बूट खाली ठेवला. "सांगणारच होते. पण तू म्हणालीस लहानपणापासून. मग वाटलं, हिला कोणीतरी घाण लागतंच. मी नसले तर ही काय करेल?"

ती हे रागाने म्हणाली नाही. मी कुंपणाला धरलं, मग सोडलं, आणि कुठे धरलं होतं ते लक्षात ठेवलं.

गोळ्यांचं सांगितलं. सांगितलं की अर्धी केली तर तुझी किडनी जाऊ शकते. म्हणून विचारायला आले.

"माझी?" ती म्हणाली. "दिलेली वस्तू मी मोजत बसते का? गेली तर गेली. तिसरी नाही माझ्याकडे, एवढंच."

मग ती उठली आणि फाटकाकडे यायला लागली. मी नको म्हटलं. ती थांबली नाही. म्हणाली की हा तिला जूनमध्ये होऊन गेला आहे, इतक्यात पुन्हा होणार नाही, आणि झाला तर झाला. माझ्या दंडाला धरून तिने मला अंगणातल्या नळाशी नेलं. तिने मला लहान पोरासारखं उभं केलं. तिथला साबण काळा पडलेला होता, त्याला केस चिकटले होते. मी तो घेतला.

१ सप्टेंबर
गोळी अर्धी केली.

१४ सप्टेंबर
रक्त तपासलं. किडनीचा आकडा वर गेला आहे, म्हणजे तिचं काम मंदावलं आहे. साल्मेला म्हणाले, थोडा. थोडा म्हणजे काय हे मी विचारलं नाही. पोटात ताप असल्यासारखं गरम वाटतं. तिथे काही चाललं असेल तर चालू दे.

हेन्नाकडे कोण जाणार ते ठरलं. तुओवी. दुसरं कोणी नव्हतं. कुत्रा शेजारी ठेवणार आहे. कालपासून ती मला फोन करून विचारते: बाटल्या किती वेळ उकळायच्या, मान धरायची कशी, पोरांचे टॉवेल वेगळे का लागतात. मी सांगते. ती म्हणते, लिहून घेते आहे. ती लिहून घेत नाही, मला ऐकू येतं.

तिच्या नखांचा विचार मनात येतो. मग माझ्या नखांचा येतो आणि मी सांगत राहते.

२९ सप्टेंबर
मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. नाव बारशापर्यंत सांगणार नाहीत.

फोटो पाहिला. तुओवीच्या कोपराखाली एक लाल तोंड.

८ ऑक्टोबर
नमुना पुन्हा पाठवला होता. विषाणू आहे, पण विरळ झाला आहे. किडनीचा आकडा जिथे होता तिथेच अडला आहे. साल्मेला म्हणतात, आणखी महिनाभर असंच चालू ठेवू, मग बघू. वजन अर्धा किलो वाढलं.

दुपारी तुओवीचा फोन. हेन्ना झोपली होती, वेन्ला पाळणाघरात. तुओवी लंगोट बदलत होती आणि फोन कुठेतरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून. बाळ ओरडत होतं. ती म्हणाली, हे बघ, पाठीपर्यंत गेलंय, मानेपर्यंत, ही एवढीशी पोरगी एवढं आणते कुठून.

मी रंग विचारला.

"पिवळा. मोहरीच्या चटणीसारखा. दाणेसुद्धा आहेत."

चांगलं आहे, मी म्हटलं. वास?

तिने खरोखर वास घेतला असावा. म्हणाली, आंबूस. ताकासारखा. वाईट नाही.

पातळ आहे का, कडेला पाणी सुटतं का, दिवसातून किती वेळा. मी एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. बाळ शांत झालं. पाण्याच्या बुडबुड्यांसारखे आवाज करायला लागलं. मी आणखी विचारलं. मांडीच्या घडीत राहिलंय का बघ. ती म्हणाली, राहिलंय. बेंबीपाशी? तिथेही.

"राइली, तुला शिसारी येत नाही का गं ऐकून?"

नाही, मी म्हटलं.

ती पाणी घेत होती, पुसायला. मी म्हटलं, "माझ्यासाठी थोडं राहू दे."

ती खूप हसली. बाळ दचकलं आणि पुन्हा रडायला लागलं. मी विनोद केला नव्हता.